एक जूनची जन्मतारीख

“काका, ही पण चुकली,” सायबर कॅफेवाली अंजू म्हणाली. “आता एकच चान्स राहिला. तो गेला की कुलूप.”

राघो देसले पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर लाल अक्षरं होती, आणि लाल दिसलं की थांबायचं हे तीस वर्षं रेल्वेच्या इंजिनावर काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण आपलं चुकलं काय, तेच त्याला कळेना. दुकानाने जन्मतारीख विचारली, त्याने सांगितली. एक जून एकोणीसशे छप्पन्न. शाळेच्या दाखल्यावर हीच, नोकरीच्या कागदांवर हीच, रेशनकार्डावरच्या वयाचा हिशेबही हिच्यावरूनच. पहिल्यांदा चुकली तेव्हा अंजूला वाटलं, ही परदेशी माणसं महिना आधी लिहितात. म्हणून तिने उलटी करून टाकली. तीही दुकानाला मान्य झाली नाही.

दुकान म्हणजे काही शहापूरच्या बाजारपेठेतलं नव्हे. ‘प्लेडेपो’ नावाचं ते इंटरनेटवरचं दुकान, कॉम्प्युटरवर खेळायचे गेम विकणारं. तिथे ना काउंटर ना पिशवी. पैसे भरायचे आणि गेम आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा. राघोच्या खात्यात तिथे एकच गेम होता, रेल्वे चालवायचा. आणि ते दुकान उद्या, एकतीस मार्च दोन हजार नऊ रोजी, कायमचं बंद होणार होतं.

कसाऱ्याहून इगतपुरीला घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. राघो त्या बँकरवरचा ड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत लांबची अक्षरं त्याला वाचता आली नाहीत आणि त्याला इंजिनावरून उतरवलं. नियमच तो, कुणाला बोल लावणार? दुसऱ्या दिवसापासून तो लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या खोलीत, टेबलाशी बसला. कुठला ड्रायव्हर किती वाजता आला, किती वाजता गेला, हे वहीत लिहायचं. पगार चालू, पंखा डोक्यावर, कपड्यांना ग्रीसचा वास नाही. लोक म्हणाले, राघोची चैन झाली. आणि राघो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला.

तेव्हा त्याची मुलगी रंजिता ठाण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला नुकतीच लागली होती. तिने पहिल्या पगारातून हा गेम घेतला, बापाच्या नावाने खातं उघडलं आणि ऑफिसात उतरवून घरच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. कुठल्याशा बर्फाच्या देशातला घाट होता. राघोने पहिल्याच दिवशी खोड काढली, की एवढा चढ आणि मागे बँकर नाही, या लोकांना अक्कल नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक तास तो ड्रायव्हर व्हायचा. सिग्नल दिसला की सवयीने मोठ्याने पुकारायचा. इंजिनावर तशी रीतच असते. ड्रायव्हरने सिग्नल पुकारायचा आणि शेजारच्या सहायकाने तोच पुन्हा म्हणायचा, म्हणजे दोघांनी पाहिल्याची खात्री. शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून रंजिता बसायची. “डबल यलो,” राघो म्हणायचा. “डबल यलो,” रंजिता म्हणायची. स्वयंपाकघरातून त्याची बायको प्रमिला म्हणायची, की दोघं वेडी झालीत.

मग सव्वादोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, रंजिताने दीपेशशी लग्न केलं. दीपेश टोकावड्याकडच्या एका आदिवासी ठाकूरवाडीतला, तिच्याच ऑफिसातला, शिकलेला, निर्व्यसनी. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं एवढंच होतं, की तो आपल्यातला नव्हता, आणि राघोला त्या वेळी तेवढं पुरलं. कल्याणला रजिस्टर लग्न करून ती दोघं पाया पडायला आली. राघोने त्यांना स्टेशनाबाहेरही येऊ दिलं नाही. प्लॅटफॉर्मवरच म्हणाला, “परत कसाऱ्याला उतरायचं नाय.” ती उतरली नाही. तिची खुर्ची ओटीवर गेली आणि तिच्यावर वाळलेले कपडे पडायला लागले. राघो संध्याकाळी एकटाच सिग्नल पुकारायचा आणि उत्तर आलं नाही तरी गाडी पुढे न्यायचा.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्ती करणाऱ्याने व्हायरस काढतो म्हणून आतलं होतं नव्हतं ते पुसून दिलं. गेमही गेला. खात्याचं नाव आणि पासवर्ड रंजिताच्या अक्षरात कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता, तो कागदावर लिहून घेऊन, घरी इंटरनेट नाही म्हणून, राघो शहापूरला अंजूच्या सायबर कॅफेत आला. आणि आज नेमकी दुकानाच्या पहिल्याच पानावर ती नोटीस. धंदा परवडत नाही, दुकान बंद करत आहोत, घेतलेले गेम उद्या दुपारपर्यंत उतरवून घ्या, नंतर आमची जबाबदारी नाही. पासवर्ड बरोबर निघाला, पण मशीन नवीन दिसतंय, म्हणून दुकानाने ओळख पटवायला जन्मतारीख मागितली होती.

नोटिशीखाली जगभरच्या गिऱ्हाइकांनी तक्रारी लिहिल्या होत्या. राघोने अंजूला त्या वाचून सांगायला लावल्या. एकाचे साठ गेम होते. एकाने विचारलं होतं, की मी विकत घेतलं होतं की भाड्याने? एक जण लिहीत होता, की माझ्या गावात इंटरनेट नाही, एका दिवसात मी काय करू? राघोला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्याचं गाव कुठलं, हेही त्याने विचारलं. ते काही लिहिलेलं नव्हतं.

“काका, खातं उघडलं कुणी होतं?” अंजूने विचारलं. “त्यांनाच विचारा ना. तारीख त्यांनीच टाकली असणार.”

हसण्यासारखंच होतं सगळं. बावन्न वर्षांचा माणूस एका खेळासाठी घाबरला होता. पण तो तास गेला तर दिवसात उरणार काय, तर वही. रिटायर होईपर्यंत वही, आणि नंतर तीही नाही. राघो बाहेर गेला, चहा मागवला, तो निवू दिला आणि शेवटी घरी फोन लावला.

“रंजीचा नंबर हाय का गो तुझ्याकं?”

प्रमिलाने नंबर घडाघडा सांगितला. डायरी नाही, शोधाशोध नाही. दोन वर्षं ज्या लेकीचं नाव घरात निघत नव्हतं तिचा नंबर या बाईला तोंडपाठ होता. एरवी राघोने यावर घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्याने तो मुकाट्याने तळहातावर लिहून घेतला.

घंटा तीनदा वाजली. “पप्पा?” रंजिता म्हणाली. म्हणजे त्याचा नंबर तिने पुसलेला नव्हता.

त्याने कशी आहेस विचारलं नाही. एकदम दुकानाचं सांगायला लागला, बंद होणार, जन्मतारीख मागतंय, एक जून घेत नाही, एकच चान्स आहे. श्वास न घेता सांगून टाकलं.

“एक जून नाय टाकलेली, पप्पा,” ती म्हणाली. “ती तर शाळेतल्या गुरुजींनी टाकलेली. निम्म्या तालुक्याची एक जूनच हाय. तुमीच सांगायचात ना, आजी बोलायची, राघो म्हशाच्या गुरांच्या जत्रेदिवशी झाला. बैल बघायला गेलेले आजोबा परत आले तर पोरगा झालेला.”

“मग?”

“जत्रा पौष पौर्णिमेला. तुमच्या साली, म्हणजे छप्पन्नच्या पाडव्यानंतर, ती कधी होती ते मी जुन्या पंचांगात बघितलं. ठाण्याच्या लायब्ररीत मिळालं. सोळा जानेवारी सत्तावन्न. ती खरी तारीख, म्हणून तीच टाकली. तुमाला पन्नासाव्या वाढदिवसाला सांगणार होते.”

तो वाढदिवस कधी आलाच नाही. जानेवारी यायच्या आधीच ती प्लॅटफॉर्मवरून परत गेली होती. राघो चहाच्या टपरीला टेकून उभा राहिला. त्याच्या आईनंतर त्याचा जन्म कुठल्या दिवशी झाला याची चौकशी जगात कुणी केली असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

आत येऊन त्याने आकडे सांगितले, अंजूने टाकले. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि खातं उघडलं. बर्फातल्या घाटाचं ते ओळखीचं चित्र वर आलं. अंजूने उतरवायचं बटण दाबलं आणि पडद्यावरचा आकडा वाचून तिचं तोंड पडलं. या लाइनवर तीस तास लागणार होते. दुकान बंद व्हायला वीसच तास उरले होते, आणि सहा वाजता भारनियमनात वीज जाणार होती.

फोन अजून चालूच होता. रंजिताने सगळं ऐकलं होतं.

“आमच्याकं लाइन फास्ट हाय,” ती म्हणाली. “मी उतरवून घेते. दोन तासांचं काम. पासवर्ड काय ठेवलाय आता?”

“तोच हाय,” राघो म्हणाला. “बदलला नाय.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, की उद्या तिला सुट्टी आहे, सीडी करून आणून देता येईल, नाहीतर कुरियर करते, पप्पांना जसं बरं वाटेल तसं. आणि मग तिने जे विचारायचं ते विचारलंच.

“कसाऱ्याला उतरू का?”

राघोला ये म्हणायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडून आला तो तीस वर्षांच्या सवयीचा शब्द.

“ग्रीन.”

“ग्रीन,” रंजिता म्हणाली, आणि रडायला लागली.

तो घरी पोचला तेव्हा प्रमिला ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने तोंड वर करून पाहिलं. राघोने खुर्चीवरचे कपडे उचलले, त्याला जमल्या तशा वेड्यावाकड्या घड्या घातल्या आणि खुर्ची आत नेऊन कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवली. फडक्याने पुसली. मग दोन खुर्च्यांकडे बघितलं. जावई कुठे बसणार? नंतर स्वयंपाकघरात जाऊन तिथलं लाकडी स्टूल घेऊन आला, आणि तेही त्यांच्या रांगेत लावलं.