घराची शांतता

आमच्या घरामागून अतिवेगवान रेल्वे जाणार होती म्हणे, रस्त्यावरची कोंडी फोडायला. आमच्या ह्यांना कोण आनंद! उभं आयुष्य बस चालवली, त्यातलं अर्धं ब्रेकवर पाय ठेवून गेलं. "अगं, दोन तासांचा रस्ता वीस मिनिटांत!" येईल त्याला तेच सांगायचे.

"आणि आपली झोप उडेल ती?" मी म्हणायचे.

त्यासाठीच रेल्वेकडून तो मशीनवाला आला. रेल्वे येण्याआधी इथे किती शांतता आहे ते मोजायचं, म्हणजे गाडीमुळे आवाजात किती भर पडेल ते कळतं. मागच्या दारी स्टँडवर मशीन लावून म्हणाला, "काकू, आज दिवसभर शक्यतो बोलू नका."

शक्यतो! बोलल्याशिवाय ह्यांना घास गिळवत नसे. मशीनपुढे जाऊन "हॅलो, माईक टेस्टिंग" काय, "पुढचं स्टेशन, आमचं मागचं दार" काय! मला आतून हसू येत होतं, पण तो बिचारा कपाळाला हात लावून बसलेला. "अहो, गप्प बसा की! मशीन चालू आहे!" दिवसभर माझं हेच. दुपारी हळूच जवळ आले. "अगं, ऐक ना..." मी डोळे वटारले. "संध्याकाळी सांगा." संध्याकाळी मशीन गेल्यावर विचारलं, तर म्हणाले, "विसरलो बघ."

पुढच्याच आठवड्यात ते गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. एवढं बोलणारा माणूस, आणि एक शब्द हाती राहू नये? मग एकदम ते मशीन आठवलं.

तडक त्या मशीनवाल्याचं ऑफिस गाठलं. तडक कसलं, कोंडीतच सकाळ गेली. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर रेल्वेची तांबडी रेघ. मशीनवाल्याने ओळखलं, खुर्ची दिली.

"एकदाच ऐकवा," मी म्हटलं. "ते माईक टेस्टिंग म्हणाले होते ना, तेवढंच."

तो खाली बघायला लागला. "काकू, त्यात बोलणं साठत नाही हो. आवाज किती मोठा, एवढंच येतं."

त्याने कॉम्प्युटरवर आलेख काढून दाखवला. सपाट रेघ, मधूनमधून वर गेलेली टोकं. काही तर चांगली उंच.

"हाच ना त्यांचा आवाज?" मी खुर्ची पुढे ओढली.

"नाही काकू. तो तुमचा. तुम्ही गप्प बसा म्हणून ओरडत होतात ना..."

"मग त्यांचा कुठे आहे?"

त्याने खालच्या बारीक उंचवट्यांवर बोट ठेवलं. "हा असावा. ते हळू बोलायला लागले होते नंतर." मी पडद्याला हात लावला. गार होता.

"रिपोर्टमधून हे सगळं काढलंय पण," तो चाचरत म्हणाला. "माणसांचा आवाज धरायचा नसतो. घर शांत असताना किती, तेवढंच लागतं."

"मग आता या ना मोजायला," मी म्हटलं. "आता काढून टाकण्यासारखं काही उरलं नाही."