आईला सदेह जायचं होतं

आईचा डावा पाय काळा पडला होता, आणि आई हट्टाला पेटली होती. साखरेनं बोटं खाल्ली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढायचा, नाहीतर आठवड्याभरात सगळं हाताबाहेर जाईल. सही आईचीच हवी होती. आई सही करेना.

कारण काय, तर मारियामाता सदेह स्वर्गात गेली. नुसता आत्मा नाही, हातापायांसकट देवानं उचलून नेलं तिला. जगाच्या शेवटच्या दिवशी आपणही कबरीतून असेच उठायचे, मग माझा पाय दवाखान्याच्या भट्टीत कसा जाऊ देऊ, असं तिचं म्हणणं. मी बूट शिवणारी बाई. बाबा गेल्यापासून माझं देवाशी बोलणंच बंद आहे. तिला नाही नाही ते बोलले, मग बाहेर जाऊन रडले. आई मरेल याचीच भीती होती. पण तिच्याशी वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

शेवटी फादरांना बोलावलं. ते बिचारे खाटेशी बसून म्हणाले, ज्यानं मातीतून माणूस घडवला, त्याला एक पाय घडवणं काय अवघड?

"मग स्वतःच्या आईला नवं शरीर का नाही दिलं त्यानं?" आईनं शांतपणे विचारलं. "ज्या पायांनी ती लेकामागे क्रुसापर्यंत चालली, तेच नेले ना?"

फादर चष्मा पुसत बसले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आईचंच पटलं. मी म्हटलं, पाय मी मागून आणते, बाबांच्या कबरीत पुरते, मग तर करशील सही? तिनं बराच विचार केला. म्हणाली, करीन, पण प्रार्थना तू म्हणायचीस, फादरांनी नाही. म्हातारी महापक्की. मी मान डोलावली आणि तिनं सही केली.

ऑपरेशन पार पडलं, पण कापलेला पाय मिळवताना मात्र नाकी नऊ आले. कारकून म्हणे, असा अर्ज आजवर कुणी केलेला नाही. मी म्हटलं, मग आज झाला असं समजा. चार खिडक्या फिरले, तीन ठिकाणी आवाज चढवला, तेव्हा कुठे एक लांबट खोकं हातात पडलं. ते घेऊन आधी माझ्या दुकानात गेले, तिथून कबरस्तानात. कबर खोदणारा टोपी काढून उभा राहिला. सांत्वन करावं की आईची तब्येत विचारावी, त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी आई नीट शुद्धीवर आली. प्रार्थना म्हटलीस का, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मध्येच विसरले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मग तिनं विचारलं,

"अनवाणीच पुरलास?"

"नाही. बूट घातला. सूज होती, म्हणून मागून उसवला, घातला आणि परत शिवला."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "तुझा तर विश्वास नाही ना?"

"नाहीच," मी म्हटलं. "पण तू उठशील तेव्हा बूट शिवायला मी जवळ असेन की नाही, काय सांगावं."