माझं सांगा, डॉक्टर

"डॉक्टर, गटाला कधी ताप येतो का? ताप येणार मला. माझं सांगा."

डॉक्टर पातेर्नीनाबाई कोरोनाच्या पत्रकातलं 'अतिजोखमीच्या गटातील रुग्णांनी' असं वाचता वाचता थांबल्या. लोरिका गावातल्या आमच्या दवाखान्याच्या डायलिसिसच्या खोलीत यंत्रं घरघरत होती. बोलले होते आरिस्तिदेसकाका. जन्मभर सिनू नदीवर नाव चालवलेला माणूस. त्यांच्या हाताला मी सुई लावत होते.

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "काका, तुम्हाला साखर आहे, किडन्या गेल्यात. तुमच्यासारख्या दहा जणांना कोरोना झाला, तर दोघं-तिघं वाचत नाहीत."

"आणि इथं येणंच बंद केलं तर?"

"मग दहातला एकही नाही. थोड्याच दिवसांत."

"हे दोन्ही एका दमात सांगत जा की!"

"लोक घाबरतील हो."

"घाबरलेलेच आहेत. कशाला किती घाबरायचं, तेवढं कळू दे." मग ते माझ्याकडे वळले. "नुबिया, एर्मेलिंदाकडे जाऊ या."

त्यांची शेजारीण एर्मेलिंदाही डायलिसिसवर होती, पण संसर्गाच्या धास्तीनं घरात बसली होती. माझ्या फोनवरच्या विनवण्या तिनं कानाआड केल्या होत्या. डायलिसिस संपल्यावर दवाखान्याच्या गाडीनं आम्ही तिच्या दारी गेलो. खिडकीत तिचा सुजलेला चेहरा दिसला.

"आलास मला भिववायला?" ती आतूनच ओरडली.

"भिववायला नाही. माझं सांगायला आलोय." मास्क लावून, कुंपणाला धरून काका उभे होते. दमलेले. "मला कोरोना झाला तर मी मरू शकतो. डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय. पण यंत्रावर नाही गेलो, तर मरणारच. तुझंही तेच आहे, बाई."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना! तरी गाडीत चढतो."

गल्लीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली होती. आपलं मरण असं उघड्यावर, शांत आवाजात दुसऱ्यापुढे मांडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दार उघडलं. एर्मेलिंदानं केस विंचरले होते. "सरक. गाडीत मी खिडकीशी बसणार," एवढंच ती म्हणाली.

पुढे काकांनी खोलीतल्या प्रत्येकाला आपापलं विचारायला लावलं. डॉक्टरही एकेकाजवळ बसून सांगू लागल्या. गैरहजर राहणारे परत आले.

जुलैत काकांना ताप आला. ते मोठ्या इस्पितळात गेले, ते परतले नाहीत.

ते गेल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदा आली. शेजारच्या, काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं पाहिलं.

"त्याला झालं ते मलाही होऊ शकतं ना, नुबिया?"

"हो, मावशी."

तिनं मान हलवली, खुर्चीत टेकली आणि बाही वर सारून हात पुढे केला.