सखुबाईंच्या दंडावरून

मी दंडाला पट्टा आवळून रक्तदाब आणि नाडी मोजणारी मशीन बोलतेय. मुक्काम ठाकुर्ली, सखुबाईंच्या टीव्हीखालचा खण. कारखान्याचं नाव खोक्यावर आहे, हवं तर वाचा. मी मात्र माझा जन्म धरते तो सखुबाईंनी मला निवडलं त्या दिवसापासून.

गेल्या महिन्यात त्यांना धडधडून चक्कर आली. डॉक्टरीणबाई गोळी देऊन म्हणाल्या, "सात दिवस सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून लिहून आणा. मग सांगते, लग्नात गायचं की नाही."

लग्न नातीचं, संचिताचं. आणि सखुबाई धवलारीण! लग्नाचा एकेक विधी गाण्यातून पुढे नेणारे धवले आळीत आता त्यांनाच पाठ. त्या गप्प बसल्या तर मांडवात नुसता स्पीकर बोंबलणार.

औषधांच्या दुकानात नातू हितेश म्हणाला, "आजी, हे नाडी मोजणारं मनगटी घड्याळ घे. भारी आहे."

"बाला, माजा चुडा कोन उतरवील? तू कं?"

मग बोटाला लावून नाडी दाखवणारा चिमटा आला. बाई आलेल्या थेट मासळी बाजारातून, बर्फातली सुरमई चाचपून. गारठलेल्या बोटावर चिमटा कधी पन्नास सांगे, कधी शंभर. मग माझी पाळी. दुकानदाराने नेहमीचा पट्टा बांधला, तो टर्रकन सुटला. मिठागरात पाट्या उचललेला दंड तो!

"मोठा पट्टा काढ. दंड मोजून बघ आदी," बाई कडाडल्या. मनगटावर दोन बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. अठ्ठ्याहत्तर. मग मी मोजले. सत्त्याहत्तर.

"एकाचा फरक मना चालंल. हीच दे."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने घेतलेली माझी ही परीक्षा. मी फुगले ती नुसत्या हवेने नव्हे!

पण घरी पहिल्या दोन दिवसांत माझा आकडा एकशे आठ, एकशे बारा. सून रुपाली घाबरली. "आई, डॉक्टर नाहीच म्हणणार."

"मशीन बिगडली," सखुबाई माझ्यावर उखडल्या. मला आकडा दाखवता येतो, कारण सांगता येत नाही. फार अपमान वाटला.

तिसऱ्या दिवशी संचिता समोर बसली आणि खो-खो हसली. "आजी, तू मोजताना गातेयस!"

"नाय गो. मनात बोलतंय."

"मनात? ओठ हलतायत, पाय ठेका धरतोय, मान डोलतेय!"

सरावाचं एक मिनिटही वाया जाऊ नये, म्हणून मी दंड आवळत असतानाही बाईंचे धवले चालूच! त्या दिवसापासून पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला, तोंड बंद. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. आकडा शहात्तर, चौऱ्याहत्तर, परत शहात्तर. सात दिवसांच्या आकड्यांची वही बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गा. पण बसून, आणि मधे पाणी प्या."

लग्नाच्या दिवशी मी मांडवात, सखुबाईंच्या पिशवीत. त्यांनी धवल्यात संचिताचं नाव गुंफलं, तशी नवरी रडता रडता हसली. स्पीकरवाला स्वतःहून वायर काढून ऐकत बसला. रुपालीने मला बाहेर काढायला हात घातला. बाईंनी गाता गाताच तो अलगद बाजूला सारला.

बाई माझी शहाणी. मोजाल तेव्हा माझं निमूट ऐका, बाबांनो. पण डॉक्टरने हो म्हटलं असेल आणि गाणं ओठांवर आलं असेल, तर मला पिशवीतच राहू द्या. मला तिथूनही छान ऐकू येतं.