एका मिनिटात आलेलं उत्तर

एक चप्पल पायात सरकवल्यावर ज्योत्स्नाबाई थांबल्या. फोन अजून हातातच होता. पडद्यावर कुणा ‘आरोही क्वीन’चा प्रश्न होता.

‘माझं बाळ सकाळपासून दूध पीत न्हाय. हातपाय गर लागत्यात. सासूबाई घुटी देऊ म्हणत्यात. काय करू?’

‘गार’ला काना नव्हता.

वाचता वाचताच त्या उठल्या होत्या, पर्स काखेत मारली होती. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या पायांना तेवढंच ठाऊक होतं. पण आता त्या दारात एका चपलेवर उभ्या राहिल्या, कारण हे शब्द त्यांना पाठ होते. पाच वर्षांपूर्वी अंथुर्ण्याच्या मोनालीनं हेच लिहिलं होतं. काना नसलेल्या ‘गर’सकट.

खाली उत्तरही होतं. ‘रॉयल विकी’ नावाच्या कुणीतरी दिलेलं. फोटोत गॉगल लावून मोटरसायकलवर बसलेला माणूस. ‘घुटी देऊ नका. बाळाला उघडं करून छातीशी धरा, वरून गोधडी घ्या आणि आत्ता दवाखान्यात न्या. वाट बघू नका. १०८ ला फोन करा. काही अडलं तर मला करा. ज्योत्स्ना सिस्टर.’ पुढं त्यांचा स्वतःचा फोन नंबर.

प्रश्न दोन वाजून दहा मिनिटांनी आला होता. उत्तर दोन अकराला.

ज्योत्स्नाबाई दारातच खाली बसल्या.

हा ग्रुप त्यांनीच काढला होता. ‘माय-लेकरू, इंदापूर-बारामती’. साखर कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या साहेबरावांची लेक असलेल्या ज्योत्स्नाबाई घरातली पहिली पगारदार बाई. इंदापूरच्या बाजारातून जाताना कुणी ना कुणी हमखास अडवायचं, “सिस्टर, ही बघा तुमच्या हातची पोर,” आणि एखादी दोन वेण्यांची मुलगी लाजून आईच्या मागं दडायची. बाळंतीण घरी गेली की तिला विचारायला कुणी नसतं, हे त्यांनी रोज बघितलं होतं. म्हणून ग्रुप. सहाशे बाया होत्या. नाळ कधी पडते, पोर रात्रभर का रडतं, बाईला ताप आलाय तर अंगावर पाजावं का. ज्योत्स्नाबाई चहाच्या सुट्टीत, बसमध्ये, भाजी निवडताना उत्तरं द्यायच्या.

मोनालीचा प्रश्न आला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. त्या दिवशी एकामागून एक तीन बाळंतपणं होती. फोन कपाटात होता. त्यांनी तो दोन पन्नासला उघडला आणि उभ्या उभ्या उत्तर लिहिलं. तोवर इतर बायांनी घुटी सांगितली होती, नजर काढायला सांगितली होती, ओव्याचा शेक सांगितला होता. आणि तोवर बारामतीच्या अर्ध्या वाटेत, जीपमध्ये, बाळ गेलं होतं.

कुणीही त्यांना बोल लावला नाही. पण त्यानंतर फोन कधी कपाटात गेला नाही. निवृत्त झाल्यावर ग्रुप बघवेना. कुणी ‘दूध पीत नाही’ एवढं लिहिलं तरी त्या फोन पालथा घालायच्या. शेवटी समोरच्या हिंदुरावांच्या रणजितला त्यांनी सगळा कारभार देऊन टाकला. बारामतीत त्याचं जाहिरातीचं ऑफिस होतं. “बघतो की मावशी,” तो म्हणाला होता. तेव्हापासून त्यांनी ग्रुप क्वचितच उघडला होता. आज जेवण झाल्यावर सहज उघडला.

त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि स्टँड गाठला.

रणजितचं ऑफिस एका मोबाइलच्या दुकानावर, माडीवर होतं. त्यांना बघून तो खुर्चीतून उठला. “मावशी, तुमी कशाला आला? फोन करायचा की.”

“हे कोण लिहितंय?” त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला.

त्यानं वाकून बघितलं. “कुणीच न्हाय.”

“कुणीच नाही कसं?”

“म्हंजी माणूस न्हाय. बॉट हाय. मशीनच नावं घेतं, फोटो लावतं आन पोस्ट टाकतं.” तो समजावण्याच्या सुरात बोलू लागला. “ग्रुप झोपला होता, मावशी. तुमी होता तवर बाया विचारायच्या. नंतर आठवड्याला एक पोस्ट न्हाय. निजलेल्या ग्रुपवर कोण येतंय? मग जुन्या पोस्टी काढायच्या, ज्यांच्यावर लई बोलणं झालंय त्या. दुसऱ्या नावानं परत टाकायच्या. खालच्या कमेंटीबी तशाच. हालचाल दिसली की खरी माणसं येत्यात. चाळीस हजार झाल्यात आता.”

“आणि ते येऊन काय करतात?”

“लंगोट, पावडरी, पाळणे. त्यांच्या जाहिराती चालत्यात.”

“उत्तर एका मिनिटात कसं आलं?”

“तसं सेट केलंय. उत्तर लवकर आलं की वाचणाराला बरं वाटतं.”

ज्योत्स्नाबाईंनी त्याच्या टेबलाची कड धरली. “ही पोस्ट तू वाचलीस?”

“मी न्हाय वाचत. सिस्टम निवडती. पण ही लई चालती, मावशी. दर बारीला सगळ्यात जास्त कमेंटा हिच्यावर.”

“ते लेकरू गेलं, रणजित.”

रणजितनं तोंड पडद्याकडं वळवलं. त्याच्या पडद्यावर कुठल्या तरी पोस्टखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग सरकत होती. त्यानं ती खिडकी बंद केली. मग दुसरी बंद केली. “काढतो,” तो म्हणाला. “आत्ता काढतो.” बोट बटणावर नेऊन तो अडखळला. “पण हा सगळा साठा मी अजून तिघांना दिलाय. एक सोलापूरचा हाय, दोन साताऱ्याचे. त्यांच्या ग्रुपवरनं मला न्हाय काढता यायचं.”

“तिथंही ही आहे?”

“असंल.”

ज्योत्स्नाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. आपल्याला माहीत नसलेल्या गावांत, माणूस नसलेल्या घरांत ते लेकरू पुन्हा पुन्हा गार पडत होतं. आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच नावाची कुणी बाई वेळेवर पोचत होती.

“थांब,” त्या म्हणाल्या. “आत्ता काढू नकोस. संध्याकाळपर्यंत राहू दे.”

“का वं?”

“जिचं आहे तिला आधी सांगते.”

परतीच्या एसटीतून त्या अंथुर्ण्याला उतरल्या. पाच वर्षांत त्या या गावावरून कितीदा गेल्या असतील, पण गाव आलं की दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायच्या. मोनालीचं घर विचारावं लागलं. नवरा, सोमनाथ, लोणी देवकरच्या कंपनीत कामाला गेला होता. मोनाली ओट्यावर शिलाई मशीनशी बसून ब्लाउजला काज करत होती. तिनं त्यांना लगेच ओळखलं.

“जयभीम, सिस्टर. या की. पानी आणते.”

पाणी पिऊन झालं. ज्योत्स्नाबाईंनी सुरुवात दोनदा केली आणि दोनदा थांबल्या.

“ते पोस्टचं म्हणताय व्हय?” मोनाली म्हणाली.

“तू बघितलीस?”

“नऊ-धा म्हयने झाले. पयल्यांदा बघितली तवा लई भ्याले. वाटलं, माझ्याच हातनं परत पडली का काय. मग नाव बघितलं तर दुसरीच बाई. म्हनलं, आसंल कुणीतरी. माझ्यावानीच.”

तिनं मशीनच्या फळीवरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. दर महिन्या-दीड महिन्यानं तोच प्रश्न होता. कधी ‘आरोही क्वीन’, कधी ‘स्वीटी’, कधी नुसतीच ‘आई’. खाली तीच घुटी, तोच ओवा, तीच ज्योत्स्ना सिस्टर. आणि प्रत्येक पोस्टखाली, अगदी तळाशी, मोनालीच्या खऱ्या नावानं एक ओळ: ‘ताई, आत्ता न्या. मी थांबले होते.’

ज्योत्स्नाबाईंनी मोजल्या. ती ओळ सात ठिकाणी होती.

“तुला कळलं नाही का, हे तुझेच शब्द आहेत?”

“कळलं की. दुसऱ्याच बारीला कळलं.” मोनालीनं दातानं दोरा तोडला. “पर सिस्टर, खरंच कुनी असली तर? आपलंच हाय म्हनून सोडून द्यायचं, आन नेमकी ती खरी निघायची.”

गोठ्याकडून शेळीचं ओरडणं आलं. आतून सासूनं, रंगुबाईनं, कोण आलंय म्हणून विचारलं. “इंदापूरच्या सिस्टर हायत,” मोनालीनं सांगितलं. मग आतून काही आवाज आला नाही.

“मोनाली, त्या दिवशी माझा फोन कपाटात होता,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. पाच वर्षांत हे त्या पहिल्यांदाच कुणापुढं बोलत होत्या. “मला उशीर झाला.”

“तीन तास धा मिनिटं.”

ज्योत्स्नाबाईंनी वर बघितलं.

“येळ येती की खाली,” मोनाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुमचं उत्तर मी तीन दिसांनी वाचलं. जीप आमाला दीडला मिळाली. आधी निघालो असतो तर काय झालं असतं, कुनाला म्हाईत. डॉक्टरबी सांगत न्हायत.” तिनं हातातला ब्लाउज मांडीवर सरळ केला. “आता एका मिनिटात येतंय तुमचं उत्तर. ते वाचलं की मला वाटतं, हिचं लेकरू जगलं आसंल.”

“अगं, ती बाई नाहीच आहे. मशीन आहे ते.”

“आसंल. तरीबी वाटतं.”

 मग ज्योत्स्नाबाईंनी रणजितचं सगळं सांगितलं. इथली पोस्ट आज निघेल, बाहेरच्यांचं हातात नाही. “काढू ना? तू म्हणशील तसं.”

“काढा,” मोनाली म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, “पर त्याच्याआधी मला लिहू द्या तितं. खरं काय झालं ते.”

“लिही की.”

“घरात कुनी नाव काढत न्हाय त्याचं. मला वाईट वाटंल म्हनून. सोमनाथ तर त्या नावाचा कुनी टीव्हीत आला तरी उठून जातो. बारसं झालं हुतं, सिस्टर. सुमेध ठिवलं हुतं.”

“सुमेध,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

मोनालीनं मान खाली घातली. मग फोन घेऊन ती लिहायला लागली. मधे मधे शब्द मोठ्यानं म्हणून बघत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी तिनं फोन ज्योत्स्नाबाईंना दाखवला.

‘हा प्रश्न माझा आहे. मोनाली, अंथुर्णे. बाळाचं नाव सुमेध. तो वाचला नाही. कुणी थांबू नका.’

“बरोबर हाय का?”

“बरोबर आहे.”

तिनं ते पाठवलं. एक मिनिटही झालं नाही तोच खाली ओळी उमटायला लागल्या. ‘खूप छान माहिती ताई.’ ‘अभिनंदन!’ ‘बाळाला अनेक आशीर्वाद.’ हात जोडलेले, फुलं, केकचं चित्र. ज्योत्स्नाबाईंनी फोन काढून घ्यायला हात पुढं केला. मोनालीनं दिला नाही. ती एकेक ओळ वाचत होती, गर्दीत ओळखीचा चेहरा शोधावा तशी.

केकच्या चित्राखाली अजून एक ओळ आली. लिहिणाऱ्याला फोटो नव्हता. नुसतं ‘पूजा’ असं नाव.

‘किती दिवसांचा होता?’

“ही मानूस हाय का, सिस्टर?”

ज्योत्स्नाबाईंनी त्या नावावर बोट दाबून बघितलं. आत काहीच नव्हतं. “सांगता येत नाही गं.”

 मोनालीनं पदरानं पडदा पुसला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत लिहिलं, ‘एकोणीस.’