लाल रेघा

झाडं कापायचं मशीन कडुलिंबाच्या बुंध्यात अडकून बंद पडलं, तशी श्रेयानं पाचर फटीत घातली आणि तिच्यावर घणाचे दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला फट बोटभर उघडली. रामहरीनं दोन्ही हातांनी मशीन मागं ओढून काढलं. कापाच्या तोंडातून धूर येत होता आणि आतलं लाकूड तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं करपलं होतं. सकाळपासून एवढा खटाटोप करून काप गेला होता जेमतेम चार बोटं, तोही तिरका. खाली पडलेला भुसा असा बारीक, की गिरणीतून दळून आणलाय म्हणावं.

"लेकीच्या घणानंच पडंल बघ झाड," ओट्यावरून लक्ष्मीकाकू म्हणाल्या. "तुझ्या मशीनला म्हणावं, जरा सावलीला बस."

रामहरी हसला, पण उजवा खांदा चोळत हसला. तीन वर्षांपूर्वी तो आंब्यावरून पडला होता, तेव्हापासून तो खांदा त्याच्याआधी थकायचा.

लिंब वाळलेला होता आणि काकूंच्या गोठ्यावर कलला होता. वळवाच्या वाऱ्यात तो कधीही गोठ्यावर बसला असता, म्हणून काकूंनी गुरुवारपर्यंतची मुदत दिली होती. गुरुवारपर्यंत झाड खाली आलं नाही, तर त्या बावड्याच्या विजयसिंहाला बोलावणार होत्या. त्याच्याकडं तीस इंची पट्टीचं थोरलं मशीन होतं. आणि तो एकदा त्यांच्या डाळज गावात शिरला, की या रस्त्यावरच्या साऱ्या वस्त्यांवरची कामं त्याच्याकडं जाणार, हे काकूंनी सांगायची गरज नव्हती.

घरी जेवताना दोन मतं पडली. आई म्हणाली, थोरलं मशीन घेऊन टाका. रामहरी म्हणाला, त्याचं वजन जवळजवळ दुप्पट. ते घेऊन झाडावर चढायचं म्हणजे दुसरा खांदाही देऊन टाकायचा. श्रेयाचं मत तिसरं होतं, आणि ते तिनं भात वाढेपर्यंतही धरून ठेवलं नाही. दहावीची परीक्षा देऊन ती मोकळी झाली होती. निरोप समारंभात सगळ्या शाळेसमोर कागद न बघता बोलल्यापासून तिला आपल्याला जगातलं बरंच काही कळतं असं वाटायला लागलं होतं, आणि तसं ते कळतही होतं. तिनं मोबाईलवर सात व्हिडिओ पाहिले होते. धाकट्या मशीनचा सायलेन्सर मोकळा करायचा, पेट्रोल-हवेचं प्रमाण बदलायचं, आतलं थोडं घासायचं. वजन तेवढंच आणि ताकद दीडपट. भिगवणच्या सोपानतात्यांना हे नक्की जमेल, असं तिनंच ठरवून टाकलं.

रामहरीनं हात धुतला आणि म्हणाला, "चल मग. तूच सांग त्यास्नी."

सोपानतात्यांचं दुकान हायवेला लागून, मासळी बाजाराकडं वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी होतं. तात्यांनी मशीन मांडीवर घेतलं. श्रेया सायलेन्सरपासून सुरू झाली ती थांबलीच नाही. ऐकता ऐकता तात्यांनी चेनवरचं झाकण काढलं आणि खाली कागद धरून मशीन ठोकलं. वाळलेला राखाडी गाळ कागदावर पडला, चांगला मूठभर.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

श्रेयानं उत्साहात सांगितलं. उजनी धरणाचं पाणी मागं सरलं, तेव्हा काठावरच्या रानातल्या वेड्या बाभळी पप्पांनी काढल्या. पंधरा दिवस काम चाललं होतं. वर्षातले सहा महिने पाण्यात उभी असलेली झाडं, सालीच्या भेगाभेगांत गाळ. तेव्हापासूनच मशीन दमायला लागलं.

तात्यांनी चेनच्या दातांवरून अंगठा फिरवला. आधी डाव्या बाजूच्या, मग उजव्या. मग त्यांनी रामहरीकडं पाहिलं. रामहरी बाहेर उभा राहून हायवेवरचे उसाचे रिकामे ट्रेलर मोजत असल्यासारखा बघत होता. वीस वर्षं झाडं पाडणारा माणूस, आणि शेजारी त्याची बोलकी लेक. तात्यांनी चेन पुन्हा झाकली.

"पोरगी बरोबर बोलतीया," ते म्हणाले. "करू या. पण सायलेन्सरला हात न्हाय लावायचा. आवाज वाढतो, कान जात्यात. मी आतनं करतो. उद्या सांजच्याला या."

श्रेया परतताना मोटारसायकलवर मागं बसून गाणं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी बापलेक पुन्हा गेले, तेव्हा मशीन मिळालं ते पुसूनबिसून, नव्यासारखं. तात्यांनी त्याबरोबर लाकडी मुठीची एक गोल कानस दिली आणि रामहरीला जवळ बसवून पथ्यं सांगितली, डॉक्टर सांगतात तशी. ताकद वाढली की चेनला धार जास्त लागते. म्हणून पेट्रोलची एक टाकी संपली, की प्रत्येक दाताला कानशीचे तीन हात. दोन्ही बाजूंना मोजून तेवढेच, ना एक कमी ना एक जास्त. आणि खोडाला माती असेल, तर आधी तारेच्या ब्रशनं साल साफ करायची.

"न्हायतर आतलं काम बिघडंल," तात्या म्हणाले. "मग मला बोल लावायचा न्हाय."

रामहरीनं समोरच्या चार दातांना कानस मारून दाखवली. तात्यांनी त्याचं मनगट धरून किंचित वळवलं. रामहरीनं पुन्हा मारली. पैसे विचारले, तर तात्या म्हणाले, आधी झाड पडू दे.

बुधवारी सकाळी काकूंच्या अंगणात रामहरीनं मशीनसमोर नारळ ठेवला, पण फोडला नाही; काम झाल्यावर फोडायची त्याची पद्धत. ट्रॅक्टरला दोर बांधला, तो गोठ्याच्या उलट्या बाजूला ताणला. मशीन सुरू झालं. श्रेयानं कान टवकारले. आवाज होता तोच, तसूभरही वेगळा नाही. पण पट्टी बुंध्याला टेकली आणि लोण्यात शिरावी तशी आत गेली. भुशाऐवजी खाली पडायला लागले ते जाड पोह्यांसारखे तुकडे. ते तिच्या चपलांवर, ओढणीवर, केसांत उडत होते. रामहरी मशीनवर भार देत नव्हता. नुसतं धरून उभा होता आणि मशीन आपलं आपण चालत होतं. एका बाजूनं खाच घेतली, मग दुसऱ्या बाजूनं कापत आला. काप सरळ, शाळेतल्या पट्टीनं आखल्यासारखा. लिंब कुरकुरला, दोराकडं झुकला आणि मोकळ्या रानात आडवा झाला. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

लक्ष्मीकाकू ओट्यावरून उठल्या. आत जाऊन त्यांनी चहात दूध वाढवलं.

टाकी संपली होती. रामहरी सावलीत बसून, ओठ हलवत मोजून, कानस मारायला लागला. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. श्रेया मशीन पुसायला घेऊन शेजारी बसली, आणि फडकं फिरवता फिरवता थांबली.

इंजिनाच्या झाकणाला चार स्क्रू होते. गेल्या वर्षी कुण्या एका दुकानात कुणीतरी आतला चांगला पार्ट काढून जुना घातला होता, तेव्हा तिनंच युक्ती काढली होती. आपल्या नेलपॉलिशची लाल रेघ प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून थेट झाकणापर्यंत ओढायची. स्क्रू फिरला की रेघ तुटणार. त्या दिवशी पप्पा आईला म्हणाले होते, पोरीला डोकं हाय.

चारही रेघा सलग होत्या. कुठं तडा नाही, सरकलेली नाही. झाकण उघडलंच नव्हतं. ते न उघडता आतलं काम कुणालाही करता येणार नव्हतं.

श्रेयाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सात व्हिडिओ आठवले. राखाडी गाळ आठवला, तात्यांचा अंगठा आठवला, पप्पांचं वळवलेलं मनगट आठवलं. दोष इंजिनात नव्हताच, चेनच्या धारेत होता. तोंड उघडून ती "पप्पा" म्हणणार, तेवढ्यात अंगणात जीप थांबली.

विजयसिंह होता. भिगवणला जाता जाता डोकावलो, म्हणाला, पण त्याची नजर आडव्या पडलेल्या लिंबावरून हलत नव्हती. बुंध्याच्या कापावरून त्यानं हात फिरवला.

"ह्या बारक्यानं पाडलं?"

"व्हय," रामहरी म्हणाला.

"काय केलंयसा ह्याला?" विजयसिंह गुडघ्यावर हात ठेवून मशीनकडं वाकला.

रामहरीनं श्रेयाच्या हातातलं फडकं घेतलं. घाम पुसायला घेतोय असं वाटलं, पण त्यानं ते झाकणावर टाकलं, चारही स्क्रू झाकतील असं, आणि वर हात ठेवला.

"सोपानतात्यांनी आतनं काम केलंय," तो म्हणाला. "त्यांच्या हातची गोष्टच येगळी. तुमचं मशीन दमलं, तर त्यांच्याकडंच न्या."

बोलताना त्यानं श्रेयाकडं पाहिलं नाही. श्रेयानं उघडलेलं तोंड मिटलं. तिला एकदम कळलं, की पप्पांनी या रेघा आज पाहिलेल्या नव्हत्या. काल रात्री मशीन घरात ठेवतानाच पाहिल्या असणार. तरीही मघापासून ते तीन तीन हात मोजत होते.

नारळ फुटला. अर्धा काकूंना, आणि अर्धा कागदात गुंडाळून रामहरीनं श्रेयाच्या हातात दिला. सोबत तात्यांचे पैसे. भिगवणला काकूंची सून निघालीच होती, तिच्या गाडीवर जाऊन ये म्हणाला.

"काय सांगू तात्यांना?" श्रेयानं विचारलं.

"झाड पडलं म्हण." मग दोर गुंडाळत तो म्हणाला, "आन् पप्पा लई उपकार मानत्यात म्हण."

तात्या दुकानात कुणाचा तरी फवारणीचा पंप खोलून बसले होते. श्रेयानं पैसे पुढ्यात ठेवले आणि निरोप सांगितला. वाटेत तिनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं, चांगलं भाषणासारखं. त्यातलं एकही वाक्य तिनं बाहेर काढलं नाही. झाडाबद्दल सांगितलं, पोह्यांसारख्या तुकड्यांबद्दल सांगितलं, विजयसिंहाचं तोंड कसं झालं तेही सांगितलं.

"म्हंजी ताकद वाढली म्हणायची," तात्या म्हणाले.

"लई वाढली, तात्या."

तात्यांनी हात पुसले आणि खोबरं घ्यायला तळवा पुढं केला. श्रेयानं दोन्ही हातांनी ते दिलं. तिच्या नखांवर लाल नेलपॉलिश होतं, कडांना जरा उडालेलं. तात्यांची नजर तिथं थांबली.

"हाच रंग व्हय," ते म्हणाले, आणि खोबऱ्याचा एक तुकडा मोडून त्यांनी तिच्या हातावर ठेवला.