तीन जर, एक तर

त्या गल्लीत सगळे त्यांना चष्मेबाई म्हणत. दुकान लहानच होतं: पुढे काउंटर, मागे पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची आणि भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत त्या एकच प्रश्न विचारायच्या, "आता बरं दिसतंय, की मगाशी बरं होतं?" स्वभावही तसाच झाला होता. कुठलीही गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पन्नाशी उलटल्यावर त्या अरबी शिकायला लागल्या, त्याला कारण विहीणबाई. मुलीने परदेशात नोकरी करताना तिकडचाच मुलगा पसंत केला आणि लग्नानंतर दोघं इकडे येऊन राहिले. जावई बरा होता, मराठीही पटापट उचललं. पण त्याच्या आईशी फोनवर बोलायचं म्हणजे नुसतं हसायचं आणि मान हलवायची. मग कळलं की विहीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनसाठी त्या मुलाकडे येणार आहेत. डॉक्टर चष्मेबाईंनीच सुचवले. शिवाय मुलगी-जावई दिवसभर कामावर, म्हणजे विहीणबाईंचा मुक्काम चष्मेबाईंच्या घरी. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, महिनाभर खुणांवर कसं भागणार? मी क्लास लावते."

क्लास एका शिकवणीच्या खोलीत संध्याकाळी भरे. शिकवणारे सर जहाजाच्या कंपनीत दुभाषे होते, आता निवृत्त. नाव, गाव, भाजी, भाव इथवर गाडं छान चाललं. मग एक दिवस सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे जर एकच. यांच्याकडे तीन."

'इन' म्हणजे होईल किंवा नाही, सांगता येत नाही. 'इझा' म्हणजे होईल असं धरूनच चाललोय, वेळेचा काय तो प्रश्न. आणि 'लौ' म्हणजे झालंच नाही, गाडी सुटली. "लौ वापरला की उत्तराच्या क्रियापदाला पुढून बहुधा एक 'ल' चिकटतो," सर म्हणाले. "मला माहीत असतं तर आलो असतो, अशी चुटपुट. नीट ध्यानात ठेवा. लौ ऐकलं की समजायचं, ती गोष्ट हातची गेली."

चष्मेबाईंना हे फार आवडलं. बोलणाऱ्याच्या मनात आशा किती उरलीय, ते पहिल्याच शब्दात कळतं म्हणजे. पण एक गोष्ट काही केल्या पचेना. 'इझा वसल्तु' म्हणजे 'मी पोचले तर'. पोचायचंय उद्या आणि क्रियापद भूतकाळाचं. त्यांनी हात वर केला. "सर, जे अजून झालंच नाही, ते झालं असं कसं म्हणायचं?"

"त्यांच्यात तसंच म्हणतात," सर म्हणाले. शिकवणाऱ्याला उत्तर ठाऊक नसलं की असं उत्तर मिळतं, हे बाईंनी ओळखलं.

घरी आल्या तरी डोक्यात तेच. गॅसवर दूध ठेवलं आणि हात धुता धुता हाक दिली, "अहो, दूध उतू गेलं तर गॅस बंद करा."

नवरा कॅरम बोर्डावर पावडर पसरत बसला होता. त्याला क्लासमधली तक्रार येता येताच ऐकवून झाली होती. "गेलं?" तो म्हणाला. "अजून तर पातेल्यातच दिसतंय."

चष्मेबाई ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या. उतू गेलं तर. जाईल तर नाही, गेलं तर. जन्मभर त्या असंच बोलत आल्या होत्या आणि कधी कानाला खटकलं नव्हतं. तेवढ्यात दूध खरंच उतू गेलं आणि दोघांपैकी कुणीच गॅस बंद केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात त्यांना नवा चाळा लागला. "पडला तर काच फुटेल का हो?" "नाही आवडला तर बदलून द्याल ना?" पडला. आवडला. ज्याचं त्याचं क्रियापद काल होऊन गेलेलं आणि काळजी उद्याची. एका आजोबांना त्यांनी, "परत म्हणा बरं," असं सांगितलं, तेव्हा आजोबांना वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. ते मोठ्याने म्हणाले, "हरवला तर."

विहीणबाई आल्या. उंच, सडपातळ, डोळ्यांवर जाड चष्मा. जावयाने पूर्वी सांगितलं होतं, त्यांचा फोटो स्टुडिओ होता. काळ्या-पांढऱ्या फोटोंना बारीक ब्रशने रंग भरण्यात त्यांचा हातखंडा. दिसेनासं झालं तसा स्टुडिओ बंद केला. आल्या आल्या त्यांनी दिवाणखान्यातला चष्मेबाईंच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो नाकाला लावून पाहिला आणि काहीतरी पुटपुटल्या. त्यातलं चष्मेबाईंना काही म्हणजे काही समजलं नाही. सरांचं अरबी इस्त्रीचं होतं, विहीणबाईंचं घरात वापरून मऊ पडलेलं. तरी दोघींचं जमलं. भाजी निवडताना एक बोट दाखवी, दुसरी शब्द सांगे.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळी झालं. डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी लावून डॉक्टरांनी घरी सोडलं, उद्या काढू म्हणाले. दुपार ढळली तेव्हा घरात दोघीच होत्या. विहीणबाई खुर्चीत बसून बराच वेळ त्या लग्नाच्या फोटोकडे तोंड करून होत्या. मग हळूच म्हणाल्या, "लौ शुफ्त कुवय्यिस, हलव्विन सूरतिक."

चष्मेबाईंनी शब्द जोडले. शुफ्त, पाहिलं. कुवय्यिस, चांगलं. सूरतिक, तुझा फोटो. मधल्या शब्दात लौन, म्हणजे रंग, लपला होता. आणि सगळ्यांच्या आधी लौ.

मला नीट दिसलं असतं, तर तुझा फोटो रंगवला असता.

म्हणजे ऑपरेशन फसलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, पण असतात काही माणसं, दाखवत नाहीत. डॉक्टर कुणी सुचवले? आपणच. "दुखतंय? दिसत नाही?" त्यांनी येईल तशा अरबीत विचारलं. झाकणीआडून काय दिसणार, म्हणून विहीणबाई सरळ म्हणाल्या, "नाही दिसत." झालं. चष्मेबाईंनी दवाखान्यात फोन केला, जावयाला निरोप ठेवला, टॅक्सी बोलावली आणि घरातल्या कपड्यांत, पायांतल्या स्लिपरांसकट विहीणबाईंना गाडीत बसवलं. त्या वाटभर विचारत होत्या, कुठे चाललोय? आणि चष्मेबाईंना नेमका त्याच वेळी एकही शब्द आठवेना. त्या नुसता त्यांचा हात धरून बसल्या.

डॉक्टरांनी झाकणी काढून यंत्रातून डोळा पाहिला. "सगळं जागच्या जागी आहे. काय झालं?" मग विहीणबाईंपुढे बोटं धरली. त्यांनी बरोबर मोजली. शिवाय डॉक्टरांच्या शर्टाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. तोवर धावतपळत आलेल्या जावयाने सांगितलं, "आई म्हणते, हा निळा किती स्वच्छ निळा आहे. इतकी वर्षं सगळं चहात बुडवल्यासारखं दिसायचं."

"अहो पण त्या स्वतःच म्हणाल्या," चष्मेबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

जावई हसायला लागला आणि सासूचा चेहरा पाहून थांबला. "आई, माझी आई म्हणाली, नीट दिसलं तर तुमचा फोटो रंगवीन. आमच्या घरी सगळ्यालाच लौ म्हणतात. होणाऱ्याला पण, न होणाऱ्याला पण. पुढचा ह ऐकलात ना, हलव्विन? तो ह म्हणजे रंगवीन. उद्या."

चष्मेबाई बाकावर बसल्या. दिसलं तर रंगवीन. त्यांच्याच दुधासारखं वाक्य होतं, शब्दाला शब्द. पहिल्या शब्दावर त्या इतक्या घाबरल्या की शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत.

विहीणबाईंना सगळा घोटाळा समजावून सांगितला, तेव्हा त्यांना हसूही आलं आणि नवलही वाटलं. तीन जर? त्यांनी मुलाकडून तिन्हींचे नियम वदवून घेतले आणि म्हणाल्या, "शाळेत व्याकरणात मी कायम काठावर. का, ते आत्ता कळलं."

पुढच्या तासाला चष्मेबाईंनी सरांना गाठलं. सर जरा ओशाळले. "पुस्तकातलं शिकवलं, तोंडातलं राहिलंच. मी जहाजांचे करारच वाचायचो हो. करारात सगळे जर जागच्या जागी असतात." मग त्यांनीच विचारलं, विहीणबाई एकदा वर्गात येतील का. त्या आल्या. मागच्या बाकावर बसून सरांचं एकेक वाक्य ऐकायच्या आणि "असं कुणी बोलत नाही" म्हणून मान हलवायच्या. सर प्रत्येक वेळी थांबून, "मग कसं बोलतात?" असं विचारायचे आणि स्वतः लिहून घ्यायचे. वर्गाला त्या दिवशी खूप काही आलं आणि पुस्तक एक पानही पुढे सरकलं नाही.

दुसराही डोळा नीट झाला. विहीणबाईंनी रंग मागवून लग्नाचा फोटो रंगवला. चष्मेबाईंची साडी मूळची हिरवी, ती जांभळी झाली, आणि नवऱ्याचे ओठ इतके गुलाबी, की तो म्हणाला, हा मी कसला, ही बहुतेक नवरीची बहीण असावी.

आता विहीणबाई रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत. मराठी ऐकून ऐकून त्यांच्याही कानाला वाक्यांची घडी कळायला लागली होती. जर पुष्कळदा गाळला जातो आणि तर राहतो, हे त्यांनी आपणहून हेरलं. आमच्यातही उत्तराआधी कधी कधी एक छोटा 'फ' येतो, तुमच्या तर सारखा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा चष्मेबाईंना केवढा आनंद झाला.

एकदा दुकान बंद करून दोघी घराकडे निघाल्या. चष्मेबाई कुलूप ओढून पाहत म्हणाल्या, "तर, चला मग."

विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. बोट वर करून त्यांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या अरबीत विचारलं, "हा तर. याचा जर कुठे?"

"याला जर नसतो."

"मग काय झालं तर चला?"

चष्मेबाई मनातल्या मनात शोधू लागल्या. तर, चला. मी तर म्हणते. बस तर खरी. हो तर. चालता चालता एकेक तर आठवायला लागला आणि एकाच्याही मागे जर सापडेना. कोपऱ्यावर त्या थांबल्या, "दुकान बंद झालं, तर चला?" असं म्हणून पाहिलं, नाही जमलं, पुन्हा चालू लागल्या. विहीणबाई शेजारून चालत होत्या, मधूनमधून त्यांच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट पाहत.